पाठीवरचा दीड इंच

कारखान्याच्या जुन्या कँटीनमध्ये दोनशे माणसं श्वास रोखून बसली होती. खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवलेली, त्यामुळे बाहेर सकाळचे साडेदहा आणि आत संध्याकाळ. मग खर्र असा आवाज आला, आणि पांढऱ्याशुभ्र ठिणग्यांचा झोत अंधार फाडून खाली पडला. दोनशे तोंडांतून एकदम निघालं, "आऽऽ!"

*

आठ महिन्यांची चिमी दुधाची बाटली दोन्ही हातांनी ढकलते. तिला बाटली नको आहे. तिला जी हवी आहे ती पलीकडच्या खोलीत कडी लावून बसली आहे.

*

चाकूची पाठ म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजू. तिच्याकडे कुणी बघत नाही.

*

धार लावायच्या दुकानातली एक चिठ्ठी, पेन्सिलीने लिहिलेली: 'चाकू १, जंगलात वापरायचा. पाठ काटकोनात. पॉलिश नको.'

*

पाळणाघराच्या दारावरची सूचना: 'पिवळ्या खोलीतील ताई आजपासून येणार नाहीत. पालकांनी निश्चिंत असावे.'

*

सिगारेटच्या लायटरमध्ये तांदळाच्या दाण्याएवढा एक खडा असतो. तो झिजला की लोक लायटर फेकून देतात. खडा कशाचा होता, हे कुणी विचारत नाही.

*

हे सगळे तुकडे एकाच गोष्टीचे आहेत. पण ती गोष्ट ज्या माणसाला पहिल्यांदा जुळवता आली, त्याला बोलायचा कंटाळा होता.

त्या माणसाला सगळे धारवाले म्हणत. वय बासष्ट. चाळीस वर्षं चाकावर वाकून वाकून त्यांचा कणा असा झाला होता, की सरळ उभे राहिले तरी जमिनीवर पडलेलं काहीतरी शोधताहेत असं वाटे. दुकान दोन इमारतींमधल्या बोळात. एका भिंतीला शिंप्यांच्या कात्र्या टांगलेल्या, दुसरीला हॉटेलांचे सुरे. मधे दगडी चाक, आणि त्यावर तळाला भोक पाडलेला एक डबा, थेंब थेंब पाणी सोडणारा. पोलाद तापलं की त्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतं. एकदा ते उतरलं, की त्या पात्याला वर्षभर घासलं तरी धार आठवडाभर टिकत नाही. धारवाल्यांना वाटे, माणसांचंही थोडंफार असंच असतं. आपलं कधी उतरलं ते त्यांना आठवत नव्हतं, एवढंच.

त्यांच्या दोन सवयी होत्या. पहिली: दुकानातून जाणाऱ्या प्रत्येक पात्यावर, मुठीलगत, सुईच्या टोकाएवढा एक ठिपका ठोकायचा, म्हणजे चाकूंची अदलाबदल होत नाही. दुसरी: प्रत्येक चाकूची पाठ मुठीजवळ दीड इंच पॉलिश पेपरने घासून गोल करायची. हे कुणी सांगत नसे, याचे कुणी आभारही मानत नसे. धारवाल्यांच्या बायकोने वीस वर्षं एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरल्या होत्या. सुरीवर जोर द्यायला बोट पाठीवर टेकावं लागतं, आणि पाठीची कड टोकदार असली की ते बोट रोज थोडं थोडं सोलवटतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी ते बोट पाहिलं होतं. त्यानंतर त्यांच्या हातून एकही चाकू मुठीपाशी टोकदार पाठ घेऊन गेला नाही.

आता त्यांच्या लेकीचं ऐका.

लेक पाळणाघरात कामाला होती, पिवळ्या खोलीत. दीड ते तीन वर्षांची अकरा पोरं. लेक स्वभावाने फटकळ. बाळंतपणानंतर पाच महिन्यांत कामावर रुजू झाली, चिमीला आजीकडे ठेवून. नवरा लांबच्या ट्रकवर. महिन्यातून दोनदा घरी यायचा आणि त्यातला एक दिवस झोपायचा.

पाळणाघरात दोन पोरांना ताप आणि जुलाब सुरू झाले. मग चार. मग सात. लेक पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना म्हणाली, "बाई, गच्चीवरच्या टाकीचं झाकण अर्धं तुटलंय. कबुतरं बसतात तिथं. टाकी धुवून घ्या आधी."

बाई म्हणाल्या, "टाकी आपली बघू. पण सात पोरांपैकी पाच पिवळ्या खोलीतली आहेत, हे लक्षात आलंय का तुझ्या?"

"सगळ्यात लहान तीच आहेत ना. तीच जास्त आजारी पडणार."

"की कुणाचा हात वाईट आहे?"

लेक हसली. तिथंच तिचं चुकलं. बाईंना हसलेलं खपत नसे.

शुक्रवारी बाई चौघींना घेऊन कँटीनमध्ये गेल्या, ठिणगी महाराजांकडे. महाराज तीन महिन्यांपूर्वी या भागात आले होते. कपडे साधे, आवाज रेडिओवरच्या निवेदकासारखा. एका हातात बोटभर लांबीची काळी कांडी, दुसऱ्या हातात काळा, जाड पात्याचा चाकू.

"अग्नी विचारतो, अग्नीच उत्तर देतो," महाराज म्हणत. "मी कोण? मी कांडी धरणारा. तुमच्या हातात चौदा हजार सूक्ष्म वाहिन्या आहेत." गेल्या आठवड्यात त्या बारा हजार होत्या, पण मोजतंय कोण? "त्यातून जे कंपन जातं, तेच पोलादात उतरतं. हात शुद्ध, तर अग्नी. हात मलिन, तर राख. यात माझं काही नाही, हे विज्ञान आहे!"

विज्ञान म्हटलं की मागच्या रांगेतली शिकलेली माणसंही मान हलवत.

परीक्षा सोपी होती. महाराज कांडी उभी धरत. परीक्षा देणाऱ्याने चाकू हातात घ्यायचा, त्याची पाठ कांडीवर टेकवायची आणि वरून खाली ओढायचा. तीन वेळा. पाठ नेमकी कुठं टेकवायची, ते महाराज चाकूवर बोट ठेवून दाखवत. तेवढीच त्यांची मदत.

स्वयंपाकीणबाईंनी ओढला, ठिणग्या पडल्या. दुसऱ्या दोघींनी ओढला, ठिणग्या पडल्या. एकीच्या ठिणगीने तर ताटलीतला कापूस पेटला. ती तिथंच रडायला लागली. मग लेकीची पाळी आली. महाराजांनी बोट ठेवलं, तिने ओढला. काही नाही. पुन्हा. काही नाही. तिसऱ्यांदा तिने दात-ओठ खाऊन ओढला. कांडीवरून चाकू साबणावरून घसरावा तसा घसरला.

लेक परत जागेवर येऊन बसली. लेकीच्या शेजारी बसलेली एक अनोळखी बाई आपलं मूल उचलून दुसऱ्या बाजूला जाऊन बसली. बस, एवढंच झालं.

त्या दिवसापासून लेकीने चिमीला हात लावला नाही.

*

"वेड लागलंय का तुला?" आई दाराबाहेरून ओरडली. "पोर तुझ्यासाठी रडतेय."

"तूच घे तिला."

"अगं, महाराजावर तुझा विश्वास होता का कधी? तूच म्हणालीस ना, हा जादूगार शाळेच्या गॅदरिंगमध्ये चालला असता म्हणून?"

आत पावलं दारापाशी आली. मग लेक म्हणाली, "आई, दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी हसलेच असते. पण माझ्या हाताने ओढला मी. तीनदा. तिघींचं झालं, माझं नाही झालं. माझ्याच हाताने."

डोळ्यांनी पाहिलेलं एक वेळ माणूस नाकारेल. हाताला आलेला अनुभव कसा नाकारायचा?

धारवाले जेवत होते. घास चावत चावत त्यांनी विचारलं, "चाकू कसा होता?"

"काय फरक पडतो, बाबा?"

"सांग तर."

"काळा. पातं काळं रंगवलेलं. पाठ मात्र उघडी, चकचकीत नाही, खरखरीत."

"आणि बोट कुठं ठेवलं त्याने?"

"मुठीपाशी. अगदी मुठीला लागून."

"त्या तिघींच्या वेळी?"

"मी काय बघत बसले होते?" मग थोड्या वेळाने, "मधे कुठंतरी. पात्याच्या मधे."

धारवाल्यांनी घास गिळला. ताट सरकवलं. हात धुतले आणि ते झोपायला गेले. दुपारचे दोन वाजले होते.

*

तीन दिवस ते गप्प होते. चाक फिरत होतं, डबा ठिबकत होता, कात्र्या येत होत्या, जात होत्या. चौथ्या दिवशी त्यांची बायको दुकानात आली. ती दुकानात कधी येत नसे.

"अहो, तुम्हाला काहीतरी माहीत आहे."

"काय माहीत असणार?"

"पस्तीस वर्षं बघतेय. तुम्ही दमलात की कण्हता. आत काही दडवलं असेल तरच असे गप्प बसता."

धारवाल्यांनी चाक थांबवलं. खालचा खण ओढला. मोडके स्क्रू, दोऱ्याची रिळं, चष्म्याची काडी. त्याखालून त्यांनी एक काळा तुकडा काढला, अर्ध्या बोटाएवढा.

"चार महिन्यांपूर्वी एक माणूस आला होता. पँट-शर्ट, पाठीला पिशवी. चाकू दिला आणि म्हणाला, डोंगरात फिरतो, आग पेटवायला लागते, याची पाठ काटकोनात करून द्या. कारखान्यातून चाकू येतो तेव्हा पाठीच्या कडा मोडलेल्या असतात, वर रंग असतो. त्यावर ठिणगी धरत नाही. मी रंग काढला, कानस मारली, काटकोन मोजायचा गुण्या लावून बघितला. कड अशी धारदार केली की नख खरवडून निघेल. ठिणगी पडते का ते तपासायला त्याने हा तुकडा दिला होता. तो इथंच राहिला."

"मग?"

"मग काय. मुठीपाशी दीड इंच मी गोल केली. नेहमीसारखी. सवयीने."

बायकोने आपलं उजव्या हाताचं पहिलं बोट नकळत मुठीत झाकलं.

"म्हणजे, तुम्ही..."

"म्हणजे मीच. तो माणूस म्हणजेच हा महाराज. मधे ठिणगी पडते, मुठीपाशी पडत नाही. एक चाकू, दोन निकाल. त्याला पाहिजे तिथं तो बोट ठेवतो."

"मग हे घरात का नाही सांगितलंत? तीन दिवस पोर रडतेय!"

धारवाल्यांनी काळा तुकडा खिशात टाकला, खण बंद केला. मग म्हणाले, "चल घरी."

*

घरी त्यांनी दाराबाहेर बसून सगळं सांगितलं. कात्रीच्या पाठीने काळ्या तुकड्यावर ओढून ठिणग्या पाडून दाखवल्या. लेकीने दार चार बोटं उघडून बघितलं.

"तुमच्या हाताने पडणारच, बाबा."

"तू ओढून बघ."

"नाही."

"अगं, एकदा."

"आणि नाही पडली तर?" तिने हात मागे घेतले. "तर मग मी काय करू? आत्ता निदान..." आणि दार लागलं.

चिमी आजीच्या कडेवरून त्या दाराकडे बघत होती. मुलं रडून रडून दमली की अशी बघतात, काही न मागता.

धारवाल्यांना मनापासून वाटलं, आडवं व्हावं. कुणीतरी शिकलेलं, तरुण, खणखणीत आवाजाचं यावं आणि हे निस्तरावं. एखादा मास्तर. एखादा डॉक्टर. त्यांनी खरोखर थोडा वेळ वाट बघितली. कुणी आलं नाही. ते दारापाशी जाऊन म्हणाले, "तू काही करू नकोस. शुक्रवारी मी परीक्षा देतो. तू फक्त बघायला ये. मागे बस."

*

शुक्रवारी कँटीन गच्च भरलं होतं. लेक शेवटच्या बाकावर आईशेजारी, चेहरा झाकून. पाळणाघरवाल्या बाई पहिल्या रांगेत. धारवाल्यांचा नंबर एकोणिसावा. अठरा माणसांत तेरा शुद्ध निघाली, पाच मलिन. मलिन निघालेल्यांत एक सून होती, तिला सासू घेऊन आली होती. एक कामगार होता, त्याला त्याचा मुकादम घेऊन आला होता. धारवाले बसल्या बसल्या मोजत होते: मलिन निघालेलं एकही माणूस एकटं आलेलं नव्हतं.

"या बाबा, या," महाराज म्हणाले. मग त्यांची नजर हातांवर गेली, नखांत बसलेल्या काळ्या पोलादावर. ती नजर किंचित अडखळली. पण समोर दोनशे माणसं होती. "काय विचारायचंय अग्नीला?"

"माझा हात कसा आहे, ते."

महाराजांनी चाकू दिला. धारवाल्यांचा अंगठा आपोआप मुठीपुढे सरकला आणि गुळगुळीत दीड इंचावर जाऊन विसावला. ठिपकाही होता, जिथं असायला हवा तिथं. महाराजांनी कांडी उभी धरली आणि नेमकं त्याच दीड इंचावर बोट ठेवलं. "इथं. ओढा."

धारवाल्यांनी ओढला. काही नाही.

"अरेरे," सभागृह म्हणालं.

दुसऱ्या वेळी त्यांनी चाकू दोन इंच मागे घेतला आणि ओढला. ठिणग्यांचा असा लोट उठला की ताटलीतला कापूस भप्पकन पेटला आणि महाराजांनी हात झटकला.

"आऽऽ!"

"पश्चात्ताप!" महाराज ओरडले. "पाहिलंत? पहिल्या ओढीला मलिन, दुसऱ्या ओढीला पश्चात्ताप झाला!"

टाळ्या पडल्या. धारवाल्यांनी तिसऱ्यांदा मुठीपाशी टेकवून ओढला. काही नाही.

"पश्चात्ताप टिकला नाही," महाराज खेदाने म्हणाले. "तीन झाले. द्या चाकू."

धारवाल्यांनी दिला नाही. दुसऱ्या हाताने त्यांनी खिशातला आपला काळा तुकडा काढला आणि टेबलाच्या कडेवर टेकवून धरला. "आता तुमची कांडी नको. माझी आहे." त्यांनी मधे ओढला, ठिणग्या. मुठीपाशी, काही नाही. मधे, ठिणग्या. मुठीपाशी, काही नाही. घाई न करता, दुकानात काम करावं तसे ते ओढत राहिले.

मागच्या रांगेत बसलेला एक बस कंडक्टर मोठ्याने मोजायला लागला. "शुद्ध! मलिन! शुद्ध! मलिन! अहो आजोबा, तुम्ही आहात तरी कोण नक्की?"

हशा पिकला. महाराज हसले नाहीत. "मन दोलायमान आहे त्यांचं!"

"मन नाही हलत, महाराज. हात हलतोय. दोन इंच."

मग धारवाल्यांनी चाकू खाली ठेवला आणि खिशातून कागदात गुंडाळलेली एक वस्तू काढली. फुटलेल्या खिडकीची काच, जाड, तुटक्या कडेची. तिने त्यांनी काळ्या तुकड्यावर ओढलं. ठिणग्या पडल्या, चाकूने पडल्या होत्या तशाच.

"काचेत कुठल्या वाहिन्या?" कंडक्टर ओरडला.

"शक्ती कांडीत आहे!" महाराज म्हणाले. "मी केव्हा नाही म्हटलं?"

"कांडीत लायटरचा खडा आहे," धारवाले म्हणाले. त्यांचा आवाज मोठा नव्हता, त्यामुळे लोकांना गप्प बसावं लागलं. "तोच, फक्त मोठा. लोखंडात सिरियम नावाचा धातू मिसळून करतात. धारदार कडेने खरवडला की त्याचे बारीक कण निघतात आणि हवा लागताच पेटतात. त्याला धारदार कड लागते, बाकी काही लागत नाही. काच चालते, कात्रीची पाठ चालते. गोल कड चालत नाही, ती नुसती घसरते. या चाकूची पाठ मधे काटकोनात आहे आणि मुठीपाशी दीड इंच गोल आहे."

"हे तुम्हाला कसं माहीत?" पहिल्या रांगेतून पाळणाघरवाल्या बाई म्हणाल्या. आवाजात धार होती.

धारवाल्यांनी इथं क्षणभर डोळे मिटले. दमलेला माणूस जिन्याच्या शेवटच्या पायरीआधी थांबतो, तसे ते थांबले.

"कारण ती मी केली आहे. हा ठिपका माझा आहे. बोळातल्या दुकानात कुठलाही चाकू बघा, हाच ठिपका, हाच दीड इंच."

स्वयंपाकीणबाई मागून म्हणाल्या, "खरंय. माझ्या सुरीला आहे." कुणी शिंपी म्हणाला, त्याच्याकडच्या चाकूलाही आहे. महाराज काहीतरी बोलत होते, अहंकार, अविश्वास, अग्नीचा कोप. पण आता लोकांचे डोळे त्यांच्यावर नव्हते, चाकूवर होते.

"माझी लेक इथं आहे," धारवाले म्हणाले. "तिला या चाकूने सांगितलं, की तुझा हात वाईट. तिने आठ दिवस स्वतःच्या पोरीला उचललेलं नाही. पाळणाघरातही आठ दिवस गेली नाही. बाई, आता किती पोरं आजारी आहेत?"

बाई पदर सावरायला लागल्या. त्यांच्या मागे बसलेली एक आई बोलली. "बारा."

"वाईट हात घरी बसलाय आणि आजार वाढतोय," कंडक्टर म्हणाला. "मोठा लांब पल्ल्याचा हात दिसतोय." या वेळी कुणी हसलं नाही.

धारवाले मागच्या बाकाकडे बघून एवढंच म्हणाले, "ये, बाळ."

लेक उठली नाही. आईने तिला हलवलं नाही. कँटीनच्या एका खिडकीवरचा कागद कुणीतरी टर्रकन फाडला, उजेड आत आला, तशी ती उठली आणि बाकांमधून पुढे आली. हात ओढणीत गुंडाळलेले.

"आधी त्याने सांगितलं होतं तिथंच टेकव. मुठीपाशी. ओढ."

काही नाही. पुन्हा, काही नाही. तिसऱ्यांदाही नाही. तिचा चेहरा त्या शुक्रवारसारखा झाला.

"आता अंगठ्याने चाचप. नुसतं बोट फिरव पाठीवरून. मुठीपासून पुढे."

तिने अंगठा फिरवला. गुळगुळीत, गुळगुळीत, गुळगुळीत, आणि मग एकदम खरखर. ती थांबली. अंगठा मागे घेतला, परत पुढे नेला. असं तिने चार-पाच वेळा केलं. वडिलांकडे बघितलं. मग कुणी न सांगता चाकू मागे सरकवला आणि ओढला.

उजेडात ठिणग्या तितक्या मोठ्या दिसत नाहीत. पण पडल्या. टेबलावर, तिच्या मनगटावर, जमिनीवर. "हाय," ती म्हणाली, कारण एक चटका बसला होता. आणि मग हसली, त्याच फटकळ हसण्याने.

*

यानंतर लोकांनी महाराजांना खांद्यावरून उचलून गावाबाहेर फेकलं, असं सांगायला बरं वाटलं असतं. तसं झालं नाही. अर्धी माणसं पुढे येऊन चाकू चाचपत राहिली, अर्धी कुरकुरत घरी गेली. एक म्हातारी म्हणाली, "ते सगळं ठीक आहे, पण माझ्या गुडघ्याला गुण आला त्याचं काय?" तिला कुणी उत्तर दिलं नाही, सगळे दमले होते. जिला सासूने आणलं होतं, ती सून मात्र परत पुढे आली. तिने मधे टेकवून चाकू ओढला, ठिणग्या बघितल्या आणि सासूकडे न बघता निघून गेली. पुढच्या शुक्रवारी महाराज आले नाहीत. दुसऱ्या कुठल्या तरी शहरात ते अजून कांडी धरत असतील. वाहिन्या आता सोळा हजारांवर गेल्या असतील.

पाळणाघराची टाकी पालकांनी स्वतः वर चढून धुतली. तळाशी काय सापडलं ते इथं सांगत नाही. काही वाचक जेवत असतील.

त्या शुक्रवारी लेक घरी आली आणि तिने साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत, जशी ती पाळणाघरात धूत असे. चिमी आजीच्या मांडीवर अर्धवट झोपेत होती. लेकीने तिला उचललं. चिमीने तिच्या मनगटावरचा चटका बघितला आणि तोंडात घ्यायला गेली.

"अगं बये, ते खायचं नसतं," लेक म्हणाली. धारवाले खुर्चीत बसले होते. उठायला हवं, दुकान उघडायला हवं, असं त्यांना वाटलं. ते बसून राहिले.

आता त्यांच्या दुकानात दारापाशी दोरीला एक काळा तुकडा टांगलेला असतो, आणि शेजारी पोलादाची एक पट्टी, अर्धी काटकोनात, अर्धी गोल. वर पाटी नाही. कुणी विचारलं, "काका, हे काय?" तर ते मान वर न करता सांगतात, "ओढून बघा. दोन्हीकडून. आणि कुणी तुमच्या हातात काही देऊन म्हणाला, की यावरून तू कसा आहेस ते कळतं, तर आधी ते उलटं करून बघा. मग दुसऱ्याच्या हातात देऊन बघा. मग जागा बदलून बघा. माझ्यावरही विश्वास ठेवू नका. मला विश्वासाचा फार कंटाळा आलाय. बघायला काय जातं?"

महाराज व्हायच्या आधी, चाकू परत नेताना, त्या पिशवीवाल्या माणसाने पाठीवरून बोट फिरवलं होतं, तेव्हा धारवाल्यांनी त्याला स्वतःहून सांगितलं होतं, "मुठीपाशी दीड इंच गोल आहे, तिथून ठिणगी पडणार नाही, तेवढं लक्षात ठेवा." हे त्यांनी अजून कुणाला सांगितलेलं नाही.